तो प्रश्न वहीत नाही

देवाची इच्छा काय आहे हे एकट्या माणसाला कळत नाही. ते कळायला मंडळी लागते, आणि एका मंडळीलाही ते पुरतं कळत नाही, म्हणून शेजारच्या मंडळ्या लागतात. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या आमच्या अकरा मंडळ्यांच्या संघाचा लेखनिक म्हणून मी हे वाक्य इतक्या ठरावांच्या डोक्यावर लिहिलं आहे, की झोपेतून उठवलंत तरी स्वल्पविरामासकट लिहून देईन. वाक्य खरं आहे असं मला अजूनही वाटतं. फक्त नोकरीच्या पंधरा वर्षांत मी हेही पाहिलं, की एखाद्या म्हातारीच्या सहज ध्यानात आलेली गोष्ट तीन मंडळ्या मिळून व्यवस्थित विसरू शकतात.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. मंडळी म्हणजे एका गावातली ख्रिस्ती कुटुंबं. त्यांचा एक पाळक असतो, पाच-सात पंच असतात, रविवारी उपासना असते आणि उरलेले सहा दिवस, उपासनेला कोण आलं नाही आणि का, यावर विचारविनिमय असतो. या लोकांशी देव बोलतो. हे मी चेष्टेने लिहीत नाही; मीही त्यांच्यातलाच आहे. कुणाला नोकरी सोडून प्रचाराला जावंसं वाटतं, त्याला आम्ही पाचारण म्हणतो. कुणाला दर्शन होतं. कुणाला वाटतं, अमक्या पाळकाला देवानेच पाठवलं. दुसऱ्याला वाटतं, तो नुसताच बदली होऊन आला. मग प्रश्न पडतो, की ऐकू आलेला आवाज देवाचा, का त्या माणसाचा स्वतःचा, का त्याच्या सासऱ्याचा? हे निवडून वेगळं करणं म्हणजे पारख.

पारखीची बैठक घालून दिली ती नाना पाळकांनी. नाना साक्रीकडचे, अंगाने काटक, बोलायला तिरकस. त्यांचे नियम थोडे होते. ज्या मंडळीपुढे पेच असेल तिने शेजारच्या दोन मंडळ्यांतून दोन-दोन माणसं बोलवायची. पाहुण्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. मत द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, बायबलमधलं वचन काढून दाखवायचं नाही. जो मत देईल त्याने उठून बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसायचं आणि शेवटच्या प्रार्थनेलाच आत यायचं. पाहुणे गेल्यावर यजमान मंडळीने आठ दिवस थांबायचं आणि मग आपलं आपण ठरवायचं.

लेखनिकाने प्रश्न तेवढे लिहायचे, ज्या शब्दांत विचारले त्याच शब्दांत. उत्तरं लिहायची नाहीत.

"उत्तरं कशाला लिहितोस?" नाना म्हणाले होते. "उत्तर उद्या बदलेल. आणि लिहून ठेवलंस, की बदलायची त्याला लाज वाटेल."

त्यामुळे माझ्या पहिल्या चार वह्यांत नुसते प्रश्न आहेत. परक्या माणसाने वाचल्या तर त्या पोलीस चौकीतल्या वाटतील.

आणि पद्धत चालायची. भुसावळकडच्या मंडळीत एक रिटायर रेल्वे गार्ड होते. त्यांना सलग तीन पहाटे दर्शन झालं, की देवळाचं दार पूर्वेकडून काढून उत्तरेला करावं. अर्धी मंडळी विटा आणायला निघाली होती. बैठक भरली. धुळ्याहून आलेल्या एका शिंप्याने विचारलं, "काका, दर्शनात उत्तरेचं दार उघडलं तेव्हा समोर काय दिसलं?"

"मोकळं मैदान," काका म्हणाले.

"आणि आत्ताच्या दारासमोर काय आहे?"

गार्डकाकांनी वळून दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाचं घर." भावाशी त्यांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "राहू द्या दार." पुढे दोघे भाऊ बोलू लागले. मुख्यतः भांडायलाच, पण बोलू लागले. शिंपी जेवून रात्रीच्या पॅसेंजरने परत गेला. आपण काही विशेष केलं असं त्याला वाटलेलं नव्हतं.

नाना निवृत्त झाले आणि संघाच्या अध्यक्षपदी रेव्हरंडसाहेब आले. त्यांचं नाव लिहीत नाही. नावाने त्यांना कुणी हाक मारतही नसे. माणूस वाईट नव्हता. आजाऱ्याला भेटायला भर उन्हात सायकलवर जायचा. पण त्याला कोणतीही गोष्ट उद्घाटनाशिवाय सुरू झालेली चालत नसे. पारखीच्या बैठकीला स्वागतगीत आलं, हार आले, प्रास्ताविक आलं. कडुनिंबाचा नियम पहिल्याच वर्षी गेला, कारण त्यात पाळकांचा अवमान होता. आता पाहुणे मतं देऊ लागले आणि मी ती लिहू लागलो. वहीत 'एकमताने' हा शब्द आला तो तेव्हा. तुमच्या मंडळीने आमचा माणूस एकमताने पारखला, म्हणून पुढच्या खेपेला आमची मंडळी तुमचा माणूस एकमताने पारखी. यात कुणी लबाडी करत होतं असं नाही. एकमेकांच्या गावी जेवलेल्या माणसांना एकमेकांविषयी शंका घेणं जड जातं, एवढंच.

आणि जेवण तर मोठंच झालं होतं. नानांच्या वेळी पाहुणे भाकरी फडक्यात बांधून आणत. आता यजमान मंडळीच्या बायका आदल्या दिवसापासून चुलीशी असत.

अशा दिवसांत शिंदखेड्याच्या अलीकडच्या एका गावातून पत्र आलं. वसंत नावाच्या तिशीतल्या माणसाला पाचारण झालं होतं. तो एका साखर कारखान्यात जीपचा ड्रायव्हर. रंगाने सावळा, आवाज खणखणीत, डोळे मिटून प्रार्थना करू लागला की बायांच्या डोळ्यांना पाणी. त्याला नोकरी सोडून सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात प्रचारक म्हणून जायचं होतं. त्याची बायको सरला गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, कायम झालेली. पदरी दोन मुली.

वसंतच्या घरी भरलेल्या बैठकीला धुळ्याहून रेव्हरंडसाहेब आणि एक हेडमास्तर आले. दुसऱ्या मंडळीतून, साक्रीकडच्या खेड्यातून, एक पंच आणि अक्का. अक्का नानांच्या गावच्या. साठीच्या पुढच्या, निरक्षर, जन्मभर दुसऱ्याच्या रानात निंदणी केलेल्या. नानांच्या काळापासून बैठकांना यायच्या. साहेबांनी त्यांचं नाव दोनदा कमी करून पाहिलं होतं, पण त्यांच्या मंडळीने दुसरं नाव दिलंच नाही.

प्रश्न सुरू झाले. हेडमास्तरांनी विचारलं, "पाचारण कोणत्या वचनातून झालं?" वसंतने वचन सांगितलं. साहेबांनी विचारलं, "त्या वेळी अंतःकरणाची अवस्था कशी होती?" वसंतने अवस्था सांगितली. ती चांगली होती. पंचांनी विचारलं, "सुखाची नोकरी सोडताना जीव कासावीस होत नाही का?" वसंत म्हणाला, "प्रभूसाठी सोडलेली गोष्ट मी मागे वळून पाहत नाही." मागे बसलेल्यांत कुणीतरी "आमेन" म्हणालं. मी सगळं लिहीत होतो, सुंदर अक्षरात.

मग अक्का आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "पोरा, तुनी बायको काय म्हनस?"

वसंतने साहेबांकडे पाहिलं.

"तिले इचारं का कोनी?" अक्का आमच्याकडे वळल्या. "कथी शे ती?"

ती मागच्या पडवीत होती. तिथून तेलाचा वास आणि झाऱ्याचा आवाज येत होता. भरीत-पुरीचा बेत होता, आणि पुऱ्या सरलाबाईंकडे होत्या, कारण घर त्यांचं होतं.

"अक्का, विषय पाचारणाचा आहे," साहेब हसून म्हणाले. "घरगुती गोष्टी जेवणानंतर बोलू."

"आमना गावमा बैल लेवाना व्हयना तरी घरनी बाईले इचारतस," अक्का म्हणाल्या. "आनि हाई ते मान्स शे."

लोक हसले. साहेबही हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेखनिक, पुढचा प्रश्न."

माझ्या लेखणीखाली 'पोरा, तुनी' एवढं झालं होतं. मी ते खोडलं. मला कुणी धमकावलं नव्हतं, नोकरीची भीती नव्हती. मी खोडलं, कारण इतक्या चांगल्या प्रश्नांच्या ओळीत तो प्रश्न गावंढळ दिसत होता. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला ही खोड असते. त्याला वाक्याचा घाट आधी दिसतो.

जेवताना अक्कांनी मला हटकलं. "भाऊ, मना प्रश्न लिखा का?"

"लिहितो ना, अक्का," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुरीचा तुकडा मोडला.

पाचारण खरं ठरलं. एकमताने. आठ दिवस थांबायचा नियम तेव्हा नावालाही राहिला नव्हता. ठराव हात धुवायच्या आतच झाला.

पुढच्या रविवारी निरोपाची उपासना झाली. देवळाबाहेर मांडव होता. साहेबांनी वसंतच्या डोक्यावर हात ठेवले आणि मग मोठ्या आवाजात म्हणाले, "आपली भगिनी सरला हिनेही आपली नोकरी प्रभूच्या वेदीवर ठेवली आहे. भगिनी, उभ्या राहा." सरलाबाई उभ्या राहिल्या. टाळ्या झाल्या, गुच्छ झाला. मी पहिल्या रांगेत होतो. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं, की आपण नोकरी सोडली हे त्यांना आत्ताच कळलं आहे.

दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्यावर, मी सोडलेली नाही, असं म्हणायला जे लागतं, ते फार थोड्यांकडे असतं. त्यांनी महिनाअखेर राजीनामा दिला.

सातपुड्याच्या पायथ्याला ते आठ महिने होते. पहिले तीन बरे गेले. वसंत सायकलवर पाड्यापाड्यांतून हिंडला, गाणी शिकवली. मग त्याचं पिणं सुरू झालं. खरं तर पुन्हा सुरू झालं, पण हा 'पुन्हा' आम्हांला माहीत नव्हता. सरलाबाईंनी तिथे कुडाच्या खोलीत वीसेक मुलांना बाराखडी शिकवायला घेतली होती. आठव्या महिन्यात गावातली चार माणसं वसंतला बैलगाडीत घालून शिरपूरच्या पाळकाकडे घेऊन आली. त्यांतला वयस्कर म्हणाला, "याला घेऊन जा. बाईला राहू द्या. बाई शिकवते."

माझ्या नोकरीत मी पाहिलेली ही सर्वांत नेमकी पारख. चार मिनिटांत झाली. त्यांच्यापाशी लेखनिक नव्हता.

अर्थात बाईला राहू दिलं नाही. प्रचारकाचं घर प्रचारकासाठी होतं.

मग 'सेवा का थांबली' याची पारख करायला धुळ्याला पुन्हा बैठक बोलावली. त्याच मंडळ्या, अक्कांची सोडून. या खेपेला त्यांच्या मंडळीला पत्रच गेलं नाही. ते पत्र धाडणं माझं काम होतं. मला तशी सूचना नव्हती, हेही खरं, आणि सूचनेची वाट न पाहता मी याआधी शंभर पत्रं धाडली होती, हेही खरं.

सरलाबाईंना खुर्ची दिली. साहेबांनी विचारलं, "भगिनी, पतीला सेवेत आपण कितपत साथ दिली?"

त्या शांतपणे बोलल्या. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता बोलावं तशा. "यांना पाचारण झालं तो रविवार होता. त्याच्या आधीच्या शुक्रवारी कारखान्याचं पत्र आलं होतं. निलंबनाचं. यांनी पिऊन जीप पाटात घातली होती. चौकशी लागणार होती. ती लागायच्या आत यांना वचन मिळालं."

वसंत मान खाली घालून बसला होता. त्याने नाही म्हटलं नाही.

"हे आपण तेव्हा का सांगितलं नाही?" हेडमास्तर म्हणाले.

"तेव्हा मी पुऱ्या तळत होते."

कुणीतरी हसलं. साहेबांनी टेबलावर बोट वाजवलं. "हा विनोदाचा विषय नाही."

"मी विनोद केला नाही, साहेब. चाळीस माणसांच्या पुऱ्या होत्या. आणि तुमच्याकडे, विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही ना? मी वाट पाहिली. झारा थांबवून दोनदा दारापर्यंत आलेसुद्धा. कुणी विचारलं नाही."

कुणीतरी विचारलं होतं. मी मान वर केली नाही. त्या प्रश्नाची खाडाखोड असलेली वही माझ्याच पिशवीत होती. ती काढून दाखवायला मला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

सरलाबाईंना बाहेर बसवून चर्चा झाली. पर्याय दोन होते. तीन मंडळ्यांना एकमताने मिळालेला प्रकाश खोटा होता असं म्हणायचं, किंवा एका बाईचं सहकार्य कमी पडलं असं म्हणायचं. निवड व्हायला वीस मिनिटं लागली. त्यांतली पंधरा प्रार्थनेत गेली. मी लिहिलं : 'पत्नीच्या अपुऱ्या सहकार्यामुळे सेवेत व्यत्यय आला, असे ही बैठक खेदपूर्वक नमूद करते.' 'खेदपूर्वक' हा शब्द माझा. साहेबांना तो आवडला.

एवढ्यावर संपतं तर मी हा लेख लिहिलाही नसता. वह्यांत पुष्कळ काही असतं आणि त्या कुणी उघडत नाही. पण ख्रिस्ती माणूस गाव बदलतो तेव्हा जुन्या मंडळीकडून त्याला सदस्यत्वाचं पत्र न्यावं लागतं. त्याशिवाय नव्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षारस, मिळत नाही, आणि मंडळीच्या शाळेत, वसतिगृहात, दवाखान्यात काम तर नाहीच. वसंतने सुरतेला ट्रकवर जाताना पत्र मागितलं. त्याला पत्र मिळालं : 'सदस्य चांगल्या स्थितीत आहेत.' त्याच्याविषयी वहीत काही वाईट नव्हतंच. सरलाबाईंना जळगावला मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची जागा मिळत होती. जागेला राहायला खोली होती आणि मुलींचं शिक्षण तिथेच झालं असतं. त्यांच्या पत्रावर वहीतला शेरा उतरवला गेला, कारण नियम तसा होता. वसतिगृहाच्या समितीने तो वाचला आणि दुसऱ्या बाईंना घेतलं.

त्या माझ्याकडे धुळ्याला घरी आल्या. चहा घेतला नाही.

"भाऊ, ते वाक्य तुमच्या हातचं आहे?"

"अक्षर माझं आहे," मी म्हणालो.

"मग तुम्हीच खोडा."

"बाई, एकट्या लेखनिकाला तो अधिकार नाही. ठराव लागतो."

त्या उठल्या. दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "शाळेत मुलं चुकीचं लिहितात ना, तेव्हा खोडरबर त्यांच्याच हातात देते मी. ठराव नाही करत." मग जिना उतरून गेल्या. लेखनिकाला एक प्रश्न खोडायला अधिकार लागला नव्हता, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

त्यांनी जळगावला एका खोलीत शिकवण्या सुरू केल्या. चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपची पोरं. मंडळीत त्या जायच्या, मागच्या बाकावर बसायच्या, आणि प्रभुभोजनाची थाळी रांगेतून येऊ लागली की उठून बाहेर जायच्या. थाळी आपल्याला ओलांडून शेजारच्या हातात जाताना पाहण्यापेक्षा ते बरं, असं त्या एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या. माझी बायको मला हे सांगायला एक महिना थांबली.

अक्का दोन वर्षांनी वारल्या. मी मातीला गेलो होतो. त्यांच्या मंडळीच्या तरुण पाळकाने मला विचारलं, की अक्का बैठकांना इतकी वर्षं जायच्या, तर त्यांचे प्रश्न आपल्या वहीतून उतरवून देता येतील का? मी दिले. नानांच्या काळातले सत्तावीस निघाले. साहेबांच्या काळातला एकही नाही.

शेवटी एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या मध्यात, निवृत्तीच्या आदल्या वर्षी, मी संघाच्या वार्षिक सभेत उभा राहिलो. सगळं सांगितलं : कारखान्याचं पत्र, अक्कांचा प्रश्न, माझी खाडाखोड, न धाडलेलं निमंत्रण. तो शेरा खोटा आहे आणि तो वहीतून काढावा, अशी सूचना मांडली. जळगावच्या मंडळीने अनुमोदन दिलं. सभेत काही लोकांचे डोळे भरून आले. साहेब आता बरेच थकले होते. ते उठले आणि म्हणाले, "बंधूने आपली चूक कबूल केली, ही कृपेची घटका आहे. पण प्रार्थनापूर्वक लिहिलेला शब्द घाईने खोडणं हेही पारखीविना होता कामा नये." सगळ्यांना ते पटलं. इतकी वर्षं त्यांना तेच शिकवलेलं होतं. शेरा काढावा किंवा कसे याची पारख करण्यासाठी त्याच सभेत उपसमिती नेमली गेली. साहेब, हेडमास्तर आणि निमंत्रक म्हणून मी. उभं राहून गीत झालं.

पहिल्या तारखेला साहेबांना ताप होता. दुसऱ्या तारखेला हेडमास्तरांच्या घरी लग्न होतं. तिसरी तारीख ठरायच्या आत संघात फूट पडली आणि अकरा मंडळ्यांचे दोन संघ झाले. वह्या कुणाच्या, यावर दोघांत अजून वाद आहे. त्या सध्या माझ्या घरी कपाटात आहेत. सरलाबाईंची थोरली मुलगी आता शिक्षिका झाली आहे. तिचं लग्न ठरलं, तेव्हा आईला लग्नात प्रभुभोजन घेता यावं म्हणून तिचं बिनशेऱ्याचं सदस्यत्वाचं पत्र मागायला ती स्वतः आली होती. मी तिला सांगितलं, की तुझ्या आईविषयी लिहिलेलं वाक्य खोटं आहे. ती म्हणाली, "आम्हांला माहीत आहे, काका. तसं लिहून द्या."

माझ्या अक्षरात मी लिहून दिलं. शिक्का नसल्यामुळे मंडळीने ते घेतलं नाही.

उपसमिती कधी रद्द झालेली नाही. तिचा निमंत्रक मीच आहे. कोरम तिघांचा आहे. साहेब आणि हेडमास्तर वारले.